हजेरीचा कोरा कागद

साहेबांनी उठून मला खुर्ची दिली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. चाळीस वर्षं मी आमच्या जंगलासाठी भांडतेय. याच कचेरीत आमच्या रंगाच्या, रानातल्या माणसांना दाराबाहेर उभं करायचे. आज चहा, वर बिस्किटं!

जंगलात येऊ घातलेल्या खाणीवरच्या सुनावणीआधी हजेरीचा कागद फिरला. आमच्या माणसांनी भराभर सह्या केल्या. माझ्याकडे आला, तर वरची चार बोटं जागा कोरी.

"इथे काय लिहिणार?" मी विचारलं.

"हजेरीच हो, मावशी. नंतर टाइप करू," साहेब गोड हसले.

गेल्या खेपेला अशाच हजेरीची संमती झाली आणि आमचा नदीकाठ गेला. मी पेन उचललं आणि कोऱ्या जागेत ठळक लिहिलं, 'फक्त हजर होतो. खाणीला आमचा नकार आहे.'

साहेबांचा चेहरा पडला. "अहो, कागद खराब केलात! दुसरा आण गं," ते दाराकडे बघून ओरडले.

कागद घेऊन माझी पुतणी आत आली. या कचेरीत नोकरी मिळालेली आमच्यातली पहिली मुलगी. तिला घ्यावं म्हणून मी अकरा दिवस उपोषण केलं होतं.

माझ्याकडे न बघता तिनं कागद पुढ्यात ठेवला. त्यावरही वर चार बोटं जागा सोडलेली होती.