दुरुस्तीनंतरचा आवाज

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे, चारही चाकांनी डोंगर चढणारी, आणि मला भयंकर राग आलेला आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना हळव्या होतात म्हणे. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका.

कारखान्यातून निघाले ती थेट एका सरकारी खात्यात गेले. तिथे साहेबांपेक्षा साहेबांच्या भाजीच्या पिशव्याच जास्त वाहिल्या. पुढे लिलावात सुभाषने मला घेतलं. सुभाष हा भिवंडीजवळच्या एका गावातला शेतकरी. भातकापणी झाली की शेतात फारसं काम उरत नाही, म्हणून त्याने गाडीचा धंदा धरला. डोंगरावरच्या पाड्यातल्या बायकांना सकाळी दापोड्याच्या गोदामात शिफ्टला पोहोचवायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, हे माझं काम. पाड्याचा रस्ता म्हणजे नुसते दगड आणि ओहोळ. रिक्षावाले तो लांबूनच बघून हात जोडतात. मी मात्र भरल्या पोटाने चढायचे, आणि पाड्यातली माणसं म्हणायची, "सुभाषची जीप भिंतीवर बी चढंल!" खरं सांगते, तेव्हा अंगावर मूठभर मांस चढायचं.

त्या बायकांत भागी होती. मागे सीटवर जागा असली तरी ती खाली बसायची, पाटीवर, म्हणजे तळाच्या पत्र्यावर, माझ्या पोटाच्या अगदी वर. गोदामात ती रोजंदारीवर डबे भरायची. आता तिला कायम करणार होते. सुपरवायझरने एकच अट घातली होती, उन्हाळा संपेपर्यंत एकदाही उशीर करायचा नाही. पाड्यातल्या एकाही बाईला तोवर कायमचं काम मिळालेलं नव्हतं. भागी पहाटेच येऊन माझ्या बॉनेटला टेकून उभी राहायची.

अशात माझी क्लचप्लेट गेली. सुभाषने मला कामतघरला रामनाथच्या गॅरेजात नेलं. क्लच काढायचा तर आधी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि त्यासाठी त्याच्यामागचा लांब दांडा, ज्याला प्रॉपेलर म्हणतात, तो सोडावा लागतो. हा दांडा दोन तुकड्यांचा असतो. सोडण्याआधी दोन्ही तुकड्यांवर छिन्नीने खूण करायची, म्हणजे जोडताना ते होते तसेच बसतात. रामनाथला हे माहीत नव्हतं असं नाही. त्याने कंटाळा केला. वर बोलायला मोकळा, "हो गया भाई, एकदम मक्खन!"

मक्खन कसलं! परतताना गोदामातून बायकांना घेतलं, सपाट रस्त्यावर सुभाषने वेग घेतला आणि माझ्या पोटात घुमायला लागलं. आधी घूंऽऽ, मग थरथर, मग वरच्या बोल्टांचा खडखडाट. मी जीव तोडून ओरडत होते. भागीने पाटीवर तळहात टेकवला आणि म्हणाली, "सुभाषदादा, हाताला मुंग्या येतान. हितं खालती कायतरी वाकडा हाय."

"नवीन काम हाय गो, बसंल हळूहळू," सुभाष म्हणाला.

बसेल! मी काय चपलेचा अंगठा आहे, वापरून सैल व्हायला?

दोन दिवसांनी तो मला परत कामतघरला घेऊन गेला. आता गंमत ऐका. त्या गॅरेजच्या दोन्ही बाजूंना कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने. तिथे खटाखट एवढी की माणूस शेजारच्या माणसाच्या कानात ओरडून बोलतो. अशा जागी रामनाथ बॉनेटवर कान लावून माझा आवाज तपासत होता! मग त्याने मला गल्लीत फिरवलं. गल्लीत हातगाड्या, टेम्पो, कापडाचे तागे. दुसऱ्या गिअरच्या पुढे जायची सोय नाही, आणि माझा आवाज तर वेगाशिवाय येत नाही. रामनाथ म्हणाला, "कहाँ है आवाज? पुरानी गाडी है, थोडा तो बोलेगी."

सुभाषने मान डोलावली. मोकळ्या रस्त्यावर याला घेऊन चला, एवढं सांगायला त्याची जीभ रेटली नाही. उलट त्या गड्याने काय केलं असेल? मागे मोठा स्पीकर बसवून घेतला आणि सकाळपासून ढिंच्याक गाणी सुरू केली. माझं दुखणं कुणाला ऐकू येऊ नये, हा त्याचा इलाज!

"दादा, गाना बंद कर. ती ओरडतं न्हवं का? मला बूड टेकवत न्हाय," भागी रोज सांगायची.

"गाडी माझी हाय का तुझी?" असं तो एकदा तिला म्हणाला. त्यानंतर भागीने तोंड उघडलं नाही. त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आणि मग व्हायचं तेच झालं. एका सकाळी हमरस्त्यावर दांड्याच्या टोकाच्या सांध्यातला क्रॉस तुटला. दांडा निखळून पाटीवर खालून असा आदळला की भागी बसल्या जागी उडाली. नशीब, पत्रा फाटला नाही. बायका उतरून पायी पळत सुटल्या. भागी सगळ्यांच्या पुढे होती. गेटवर पोहोचली तेव्हा तिच्या जागी दुसरीला उभं केलेलं होतं.

सुभाष तिथेच रस्त्यावर माझ्याखाली आडवा झाला. दांडा हातात घेऊन त्याने नखाने रंग खरवडला. दर दसऱ्याला तो मला धुऊन पुसून, हार घालून, खालूनसुद्धा हौसेने काळा रंग मारतो. त्या थरांखाली कारखान्याने कोरलेले दोन बाण निघाले. ते समोरासमोर हवे होते. एक आकाशाकडे बघत होता, एक जमिनीकडे. रामनाथने खूण केली नाही, आणि होती ती सुभाषच्या प्रेमाने बुजवली.

बाण जुळवून दांडा नीट बसला, नवा क्रॉस लागला. आता मी कितीही पळाले तरी पोटातलं पाणी हलत नाही. पहिल्याच सकाळी भागी पाड्याच्या तोंडाशी उभी होती. सुभाषला तिच्याकडे बघवेना. म्हणाला, "भागी, चुकलाच माझा. बस पुढं."

"पुढं बसून काय करू?" ती म्हणाली आणि खालीच बसली. "दापोड्याला न्हाय जायचं. वळ गावाला उतार. तिथल्या गोदामात रोजावर बाया घेतान म्हनं. पयल्यापासना सुरवात."

मित्रांनो, गाडी ओरडली तर तिचं तोंड दाबू नका. कुठे दुखतं ते विचारा, जिथे ऐकू येईल तिथे नेऊन ऐका. आणि पोटाशी बसलेलं माणूस काही सांगत असेल, तर त्याला गाडी कुणाची हे विचारू नका. माझा क्रॉस भिवंडीच्या बाजारात अर्ध्या दिवसात नवा मिळाला. भागीची गेलेली जागा कुठल्या दुकानात मिळते, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.