तापावर गोळी, गोळीवर ड्यूटी

गॅसवर चहा उकळत होता आणि आई लेकीच्या कानामागचे लाल ठिपके फाउंडेशनने झाकत होती. सराईत हात! स्वतः सत्तावीस वर्षं एअर होस्टेस होती. एकही ड्यूटी चुकवली नव्हती, आणि त्याचा कोण तोरा!

"आई, गोवर वाटतोय गं. अंग नुसतं भाजतंय."

"काहीतरीच! ही तापाची गोळी घे, पाऊण तास थांब, मग विमानतळावर ताप तपासायला जा. आम्ही सगळ्याजणी हेच करत आलो. दोन रजा झाल्यात तुझ्या. तिसरी झाली तर कायमची घरी बसवतील, कळतंय ना?"

न कळायला काय झालं! तिचीही तीच नोकरी, पण नवी, अजून कायमही नव्हती. तिने गोळी गिळली, गळ्यात स्कार्फ घट्ट बांधला. विमानतळावर तपासणीच्या यंत्रानेही ताप नसल्याचा निर्वाळा दिला. आजारी माणसाला रजा द्यायची नाही आणि त्याचा आजार मात्र विमानभर वाटायचा, याला म्हणे शिस्त!

विमानात चढण्याआधी सुपरवायझरबाईंनी प्रवाशांची यादी तिच्या हाती दिली. चौथ्या रांगेत सहा महिन्यांचं बाळ. एवढ्याशा जिवाला गोवराची लसही दिलेली नसणार.

"मॅडम, मी नाही चढणार. मला ताप आहे. गोळी घेऊन आलेय."

"अगं, हळू बोल!" बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "सगळ्याच घेतात गोळी. तीन तासांचा तर प्रश्न! नाही चढलीस तर नोकरीचं कार्ड काढून घ्यावं लागेल मला."

"घ्या."

घरी आईला काय तोंड दाखवायचं? तरी कार्ड तिने स्वतःच गळ्यातून काढून दिलं, प्रथमोपचाराच्या पेटीतला मास्क तोंडाला लावला आणि ती परत फिरली.

बाहेर प्रवाशांच्या दालनात घोषणा झाली: कर्मचारी आजारी, विमानाला उशीर. झालं! लोक खवळले. ती कडेकडेने निघाली होती, पण गणवेश लपतोय थोडाच! सगळ्यांत पुढे बाळाची आई, बाळ कडेवर.

"जरा ताप आला म्हणून विमान अडवायचं? एखादी गोळी घ्यायची ना! आमचा केवढा खोळंबा!" ती तावातावाने जवळ येऊ लागली.

गणवेशातली पोरगी झटकन मागे सरली.

"ताई, ओरडा हवं तेवढं. पण बाळाला घेऊन जरा लांबून ओरडा."