नगांची संख्या

भिवंडीजवळ वडप्याच्या गोदामांच्या रांगेत, पत्र्याच्या छपराखाली आमचं ऑफिस आहे. परदेशातून विमानाने येणाऱ्या मालाचा मॅनिफेस्ट आम्ही इथून भरतो. मॅनिफेस्ट म्हणजे यादी. कुठल्या एअरवे बिलावर, म्हणजे विमान कंपनीच्या मालपावतीवर, किती नग, किती वजन, आत काय, कुणाच्या नावे. विमान मुंबईत उतरायच्या आधी ही यादी कस्टमच्या कॉम्प्युटरवर गेली पाहिजे आणि उतरलेला माल तिच्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. नाही जुळला तर तो अडतो. पंधरा वर्षं मी हे काम करतेय, आणि हाताखालच्या पोरींना एकच गोष्ट सांगून पिडलंय की आत काय आहे याचा विचार करू नका. औषध असो नाहीतर खेळणी, तो नग आहे. मोजा आणि भरा. ‘करिष्मा मॅडम म्हणजे चालतीबोलती कस्टम’ असं त्या माझ्यामागे म्हणतात. म्हणू देत, चुका तरी होत नाहीत.

डिसेंबरात माझा थोरला भाऊ पंढरी मस्कतला वारला. क्रेन चालवायचा. झोपला तो सकाळी उठलाच नाही. कागदपत्रांत आठ दिवस गेले आणि नवव्या दिवशी सकाळच्या विमानाने तो येणार असं ठरलं. तिकडच्या एजंटाचं काम आमच्याकडेच असतं, त्यामुळे आदल्या दुपारी त्याचं एअरवे बिल माझ्याच टेबलावर आलं.

शेठ म्हणाले, “हे तुझ्या हाताखालच्या पूर्वीला दे. तू घरी जा.”

“माझ्या भावाचं काम दुसरं कुणी करणार नाही,” मी म्हटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

बिलावर दोन नग होते. एक शवपेटी, एकशे चोवीस किलो. एक बॅग, अठरा किलो. माल घेणाऱ्याच्या जागी मी कमळवहिनीचं नाव भरलं. मग नगांच्या संख्येचा चौकोन आला आणि माझं बोट थांबलं. बाबा नको म्हणत असताना ज्याने मला भिवंडीत कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं, रोज स्वतः सायकलवरून सोडलं, त्याला नग म्हणून मोजायला बोट उचलेना. मी स्वतःला समजावलं की माल म्हणजे फक्त बॅग. पंढरी माल नाही. मी एक भरलं, वजन अठरा, आणि वर्णनात नुसती बॅग.

मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पंधरा वर्षांत काय कळायचं राहतं? पण त्या क्षणी ते बरोबर वाटलं, आणि मन हलकंसुद्धा झालं, याची मला आज लाज वाटते. शेजारी बसलेल्या पूर्वीला तो आकडा दिसला होता. नंतर ती म्हणाली, “मॅडम, तुमची एन्ट्री तपासायची हिंमत कुणाची?” दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

यादी पाठवून मी दिघाशीला आईकडे गेले. घर माणसांनी भरलं होतं. दाजीमामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, सगळं बघत होता. त्याचं म्हणणं होतं की नऊ दिवस होतायत, विमानतळावरून सरळ स्मशानात न्यावं. आई कोपऱ्यात बसली होती. माझी आई हौसाबाई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, आणि आठ दिवसांत पहिल्यांदाच ती मोठ्याने बोलली.

“त्याला घरात आनायचा. अकरा वर्सांत दोन येला आला, दोन्ही येलेला पावन्यावानी गेला. मना एक दुपार पायजे. मंग न्या.”

मामाने मान डोलावली. मग म्हणाला, “बरा ताई. दुपारभर ठेव. पन दिस बुडायच्या आत उचलायला लागल.”

आईने माझ्याकडे बघितलं. “कवा येल गो तो?”

“विमान सातला उतरतंय. बाराच्या आत येल, आय,” मी म्हटलं. “यादी मीच भरलीय.”

सकाळी मी ऑफिसात जाऊन बसले. काही अडलंच तर दुरुस्ती तिथूनच होते. विमानतळावर आमचा माणूस भूपेश होता. साडेनऊला त्याचा फोन आला.

“मॅडम, बॅग सोडतायत.”

“आणि पंढरी?”

“यादीत एकच नग आहे. अठरा किलो. इथे दोन उतरलेत. कस्टमचे साहेब म्हणतात, दुसऱ्याची नोंदच नाही. त्यांना वाईट वाटतंय, पण नोंद नाही ते कसं सोडणार? दुरुस्ती टाका.”

साहेबांचं काही चुकत नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, आणि वर दोन शब्द सुनावले असते.

मी दुरुस्तीचा अर्ज उघडला. जुना आकडा एक, नवा आकडा दोन. वजन अठराचं एकशे बेचाळीस, वर्णनात शवपेटी आणि बॅग. काल न उचललेलं बोट आज मुकाट्याने चाललं. खाली दुरुस्तीचं कारण विचारलं होतं. मी लिहिलं, ‘टाइप करताना झालेली चूक.’ दुसऱ्यांच्या चुकांसाठी शंभरदा लिहिलेलं हे वाक्य, पण या वेळी ते खोटं होतं.

पुढचं सगळं ज्याच्या त्याच्या हातात होतं. विमान कंपनीचं पत्र लागणार होतं, मग मूळ बिल, मग साहेबांची मंजुरी. पत्र साडेबाराला निघालं. त्याच सुमाराला आईचा फोन आला.

“विमान आला ना?”

“आला, आय.”

“मंग पंढरी कुठं हाय?”

“कागद चाललेत.”

दीडला तिने पुन्हा फोन केला. अडीचला पुन्हा केला. मी स्क्रीनकडे बघत होते. तीन वाजून दहा मिनिटांनी मंजुरी आली आणि भूपेश फोनवर ओरडला, “निघालो!” मी स्कूटी काढली ती दिघाशीलाच थांबवली. पावणेपाचला त्याचा फोन आला की कशेळीच्या पुलावर कंटेनर बंद पडलाय, गाड्या हलत नाहीत.

ॲम्ब्युलन्स दारात आली तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. पेटी ओटीवर ठेवली, झाकण काढलं. कमळवहिनीने पदर तोंडात कोंबला. आई सरकत सरकत गेली आणि त्याच्या कपाळावर हात ठेवून बसली. दाजीमामाने बाहेर बघितलं आणि हलकेच म्हणाला, “ताई, पंधरा मिन्टं.”

आईने मान वर केली नाही. “एवढा येल का लागला?”

“सिस्टिम बंद व्हती ना?” वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली. तिला मला वाचवायचं होतं. मी मान हलवली असती तर ते तिथेच मिटलं असतं.

“नाय,” मी म्हटलं. “माझी चुकी हाय, आय. यादीत मी त्याला मोजलाच नाय. नुसती बॅग मोजली. पंढरीला नग म्हनून लिवायला मना झेपला नाय.”

खरं सांगते, मला वाटलं होतं आई मला जवळ घेईल. म्हणेल, तुझा जीव होता त्याच्यावर. मी त्याच आशेने बोलले होते.

आई बराच वेळ त्याच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, “परक्यान् मोजला असता तं तो नग. तू मोजायचा व्हता, बाय. आपला मानूस आपन नाय मोजायचा तं कोन मोजील? सकालपासना तो तिथं कुनाचाच नव्हता.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण तिचा आवाज साधा होता, मीठ कमी पडलंय असं सांगावं तसा.

पुरुष आत आले. मामाने आईच्या खांद्याला हात लावला. तिला उठवत नव्हतं, म्हणून मी तिला काखेत धरलं. तिचं सगळं वजन माझ्यावर आलं आणि ती माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. नऊ दिवसांत ती पहिल्यांदाच रडत होती.

“माझी दुपार गेली गो,” ती म्हणत होती. “माझी दुपार गेली.”

मी तिला घट्ट धरून ठेवलं. पंढरीला उचलून बाहेर नेलं, तेव्हा अजून थोडा उजेड होता.