टाचेची पकड

धाकट्या बहिणीच्या, पिह्लाच्या, नव्या स्कींना अजून छिद्रे पाडायची होती. एकदा ड्रिल आत शिरले की माघार नाही. म्हणून तूरे सकाळपासून टेबलावरच्या, बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या दोन तऱ्हांच्या बाइंडिंग्जकडे नुसता पाहत बसला होता.

एक हलकी, जराशा धक्क्याने बूट मोकळा करणारी. दुसरी जड, लोखंडी टाचेची. धक्का बसला की ती बुटाबरोबर बोटभर वर उठे आणि त्याला पुन्हा खाली ओढून घेई. टेकडीच्या पार्कात उड्या मारणारी मुले हीच घेत. दोन हिवाळ्यांपूर्वी तूरेच्या पायांतही हीच होती. पोरांदेखत स्की निसटू नये म्हणून त्याने तिचा स्क्रू शेवटपर्यंत पिळला होता. सगळेच पिळीत, आणि टाचेवरच्या इवल्या खिडकीतला, पकड किती घट्ट ते सांगणारा आकडा एकमेकांना मिरवून दाखवीत. मग एकदा तो पार्कातल्या घसरायच्या लोखंडी दांड्यावरून वाकडा उतरला. पाय वळला, गुडघा वळला, स्की मात्र पायाला चिकटून राहिली. तेव्हापासून तो रेयोच्या दुकानात इतरांच्या स्की बांधून देई. स्वतः बर्फावर उतरला नव्हता.

"हलकी बसवतोय," तो म्हणाला.

पिह्ला दारात उभी राहून वेलचीचा पाव खात होती. दुपारी हंगामातली शेवटची स्पर्धा होती, आणि तिला प्रथमच मोठ्या उडीवर उतरायचे होते.

"ही आजीला दे. शाळेच्या सहलीतली वाटतेय."

"आजी तुझ्यापेक्षा बरी उतरते."

ती हसली; मग हसू ओसरले. "गुडघा तुझा गेला, तूरे. पाय माझे का बांधून ठेवतोस?"

त्याने हलकी जोडी पुढे ओढली. डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसलेली आई त्याच्या डोळ्यांपुढे होती, आणि तिथे पुन्हा कुणाला बसवण्याची त्याची तयारी नव्हती.

रेयोच्या दुकानाचा एक नियम होता: जो बांधतो, त्याने आधी त्यावर उभे राहायचे. दोन वर्षे तूरेच्या वाटची ही चाचणी म्हातारा रेयो मुकाट्याने स्वतः करीत आला होता. आज मात्र त्याने कॉफी ओतून घेतली आणि पाठ धरल्याचे सांगितले. पाठ धरलेला माणूस इतका ताठ बसत नाही, हे तूरेला दिसले. पिह्लाने पायातले बूट काढून पुढे केले. ते मुळात त्याचेच होते, आणि त्याच्या गुडघ्याच्या दुखण्यानंतर दोघांचे वजनही सारखेच झाले होते.

चाचणीच्या जुन्या स्कींवर कुठलीही बाइंडिंग सरकवून बसवता येई. हलकी जोडी लावून, तिचा आकडा आपल्या भीतीइतका खाली आणून तो बाहेर गेला. एप्रिलच्या उन्हात बर्फ साखरेसारखा रवाळ झाला होता. लहान मुलांच्या उंचवट्यावरून त्याने हातभर उडी घेतली. तो सरळ खाली आला. काहीच चुकले नव्हते. तरी टाच सुटली, स्की एकटीच पुढे पळाली आणि तो खांद्यावर आपटला.

गुडघा शाबूत होता. बर्फात पडल्यापडल्या त्याने वर मोठ्या उडीकडे पाहिले. दोन वर्षे तो एकच पडणे आठवत आला होता. पकड वेळेआधीच सुटून पडण्याची ही दुसरी तऱ्हा त्याच्या भीतीने त्याला कधी दाखवलीच नव्हती.

तो आत आला. त्याने जड जोडी उचलली. भिंतीवरच्या तक्त्यात पिह्लाचे वय, वजन, उंची, बुटाची लांबी जुळवून पाहिली. आकडा निघाला तो त्याच्या जुन्या आकड्याहून पुष्कळ खाली, सकाळच्या आकड्याहून वर. स्क्रू तिथे आणल्यावर तो अर्धा फेरा सैल करायला हात शिवशिवला. त्याने हात काढून घेतला. मग पुन्हा त्याच उंचवट्यावरून उडी: टाच उठली, परतली, धरून राहिली. थांबून त्याने चांगला पाय मुद्दाम पिळला, बूट सुटला. तेव्हा त्याने ड्रिल हाती घेतले.

दुपारी तो उतारापाशी उभा होता; पिह्ला वरून सुटली तेव्हा त्याने क्षणभर डोळे मिटले. मोठ्या उडीवरून पिह्ला मागे झुकून उतरली, डगमगली, पण स्की पायातच राहिल्या. पुढे लोखंडी दांडा. त्यावरून ती वाकडी घसरली, अगदी त्याच्यासारखी, आणि तूरेने श्वास रोखला. तिचा पाय वळू लागला तोच स्की सुटली आणि एकटी घरंगळत खाली आली.

पिह्ला उठली. लंगडली नाही. स्की उचलून त्याच्यापाशी आली आणि बुटाखालचा बर्फ झटकत म्हणाली, "वर धरलं होतं. इथे सोडलं." मग डोळे मिचकावून, "अर्धा फेरा आवळू का?"

"स्क्रूला हात लावलास तर दुकानात पाऊल ठेवू देणार नाही."

तिने टाच दाबली. टक् असा आवाज झाला. ती पुन्हा वर नेणाऱ्या दोरीकडे निघाली, आणि या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत.