दोन्हींवर चालतो

डोंबिवलीच्या हेमाचा स्वभावच तसा. नवं हातात आलं की जुन्याकडे ढुंकून बघायची नाही. मराठी अक्षरं पडद्यावर आणणाऱ्या प्रोग्रॅमचा तयार साचा तिने लिहिला होता. फ्लॉपीवर घालून मागेल त्याला फुकट द्यायची. कोणीही घ्यावा, बदलावा, पुढे द्यावा. पंच्याण्णव साली कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला समजेल असा करून देणारं साधन, नव्या आवृत्तीत आला. तोही फुकटच. बाईंनी लगेच साचा बदलला आणि लेबलवर बिनधास्त लिहिलं, ‘जुन्या-नव्या दोन्ही कंपायलरवर चालतो’. जुन्यावर चालवून बघितला होता? छे!

कोलशेतहून मंजुळाचा फोन आला. ती कोळीवाड्यातली, मच्छीमार सोसायटीच्या खोलीत एका जुन्या मशीनवर मुलींना शिकवायची.

“हेमाताई, तुमचा नवा साचा नुसत्या चुका दाखवतोय. शनिवारी सोसायटीची माणसं बघायला येणार. काही दिसलं नाही तर खोली काढून घेतील, जाळी ठेवायला.”

“अगं, मग नवा कंपायलर घाल ना!”

“या मशीनमध्ये मावतच नाही तो. आणि लेबलवर दोन्ही लिहिलंय ना तुम्ही?”

जुना कंपायलर शोधायला हेमाने ड्रॉवर उपसला, तेव्हा आठवलं, त्याच्याच फ्लॉप्या पुसून त्यांवर तिने नवा साचा वाटला होता. आता तपासायचं कशावर, कपाळ!

शुक्रवारी रजा टाकून ती कोलशेतला गेली. साच्याचा सारखा भाग एकीकडे ठेवला, कंपायलरप्रमाणे बदलणाऱ्या ओळी वेगळ्या काढल्या आणि समोर कुठला कंपायलर आहे ते ओळखून साच्याने त्यालाच लागणाऱ्या ओळी उचलाव्यात अशी सोय केली. दुपारपर्यंत चुकाच चुका. मंजुळा चहा देत राहिली. संध्याकाळी पडद्यावर ‘बोंबील’ उमटलं आणि मुलींनी टाळ्या पिटल्या.

शनिवारी मंडळींनी मासळीच्या भावांची मराठी पाटी पडद्यावर बघितली. खोली राहिली.

“मंजुळा, चुकलंच माझं,” हेमा म्हणाली. “जुना कंपायलर मला कॉपी करून दे. यापुढे दोन्हींवर चालवल्याशिवाय कुणाला देणार नाही.”

मंजुळाने कॉपी केली. मग फ्लॉपीच्या कडेची खाच काळ्या पट्टीने बंद केली. ती बंद असली की फ्लॉपीवरचं पुसता येत नाही. पट्टीवरून अंगठा नीट दाबून फिरवला.

“घ्या ताई,” ती म्हणाली. “आता हा तुमच्याकडेही टिकेल.”