राजाच्या हातातला खुळखुळा

रविवारी दुपारी बरोबर सव्वाचार वाजता हे सगळं सुरू झालं. तिसऱ्या अंकाची घंटा झाली आणि चिंतामणरावांनी मला शेल्यातून बाहेर काढलं.

मी एक खुळखुळा आहे. मोठ्या माणसांच्या गोष्टीत मी तोंड घालू नये हे मला कळतं. पण जे पाहिलं त्याचा धक्का अजून ओसरला नाही, म्हणून बोलतो.

माझा जन्म कातार्‍याकडचा. फिरत्या लाकडावर लाख धरली की ती तापून पसरते, तसा मी लाल-पिवळा झालो. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत वच्छलाबाईंनी मला आपल्या तान्ह्या छबूसाठी घेतलं. घेण्याआधी मला कानाशी हलवलं, ओल्या पदरानं घासून रंग जातो का पाहिलं, कुठं टोचेल म्हणून स्वतःच्या गालावरून फिरवलं. दुकानदार म्हणाला, "बाई, खुळखुळा घेताय का जावई बघताय?" त्या हसल्या नाहीत. पहिलटकरीण ती, तिला कशाचीच खात्री नसायची.

त्यांचे यजमान चिंतामणराव नट होते. आबासाहेबांच्या नाटक मंडळीत राजाचं काम करायचे. त्या राजाच्या लहानग्याला सेनापती मारतो, आणि सेनापतीला पकडायला राजा वेडाचं सोंग घेतो. पुढं ते सोंगच राहतं का राजा खराच वेडा होतो, हे नाटकात कुणी सांगत नाही. त्यावरून नव्या पेठेतल्या चहाच्या दुकानात लोक हमरीतुमरीवर यायचे. चिंतामणरावांना विचारलं तर ते म्हणायचे, "मला कळलं की तुम्हालाही सांगेन. मग पुन्हा बघायला कोण येईल?"

त्या रविवारआधीच्या आठवड्यात छबू तापानं फणफणली होती. चिंतामणराव दिवसा तालमीला आणि इतर वेळ तिच्या उशाशी. डोळ्याला डोळा नाही. त्यात कंपनीचा खुळखुळा फुटला, म्हणून त्यांनी पाळण्यातून मला उचललं.

तिसऱ्या अंकात राजा रिकाम्या पाळण्यावर खुळखुळा हलवून गेलेल्या मुलाला निजवतो. पद संपलं आणि थिएटर ओरडलं, "वन्स मोअर." ही तर रीतच. पद आवडलं की नटानं हात जोडायचे, विंगेत जायचं आणि प्रवेश पहिल्यापासून करायचा. मेलेली पात्रंसुद्धा वन्स मोअरला उठून बसतात. चिंतामणराव पुन्हा गायले. पुन्हा तीच आरोळी. त्या खेपेला राजपुत्राच्या नावाच्या जागी त्यांच्या तोंडून छबूचं नाव आलं. मी त्यांच्या मुठीत हादरलो. लोकांनी मात्र टाळ्यांचा पाऊस पाडला. चिंतामणराव पाळण्याशेजारी आडवे झाले, ते पडदा पडला तरी उठेनात.

त्यांना घरी आणलं तेव्हा छबूचा ताप उतरला होता. आईच्या मांडीवर ती हसत होती, आणि तिचे वडील तिच्याकडं न बघता रिकाम्या पाळण्याला झोके देत होते. वच्छलाबाईंनी लेकीला पुढं केलं. ते अदबीनं म्हणाले, "कुणाची पोर आहे? गोड आहे."

दोनचार दिवस असेच गेले. शेजारच्या सारजाबाई गिरणीत सूत कातायला जायच्या. त्या दारात टेकून बघायच्या. "आमचा दादला पगाराच्या दिशी येडा हुतोय," त्या म्हणाल्या, "पर भाकरी कुटं हाय ते न्हाय इसरत. ह्यास्नी जेवणाचीबी सुद न्हाय. हे खरं हाय, वच्छलाबाई. पोरीला जपा."

वच्छलाबाईंना तीच एक चिंता खात होती. ह्या माणसाजवळ लेकरू ठेवावं का नाही? पाण्याला जाताना त्या छबूला पाठीशी बांधून न्यायच्या. कमरेत कळ यायची, तरी न्यायच्या.

मग आबासाहेब आले. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. दुसऱ्या मंडळीनं चिंतामणरावांना बोलावणं धाडलंय, आपला करार मोडायला हे सोंग आहे, असं ते म्हणाले. वच्छलाबाई रडू लागल्या तसे ते म्हणाले, "वहिनी, तुमच्यासमोर पारख करतो."

चिंतामणराव मला हलवत पाळण्याशी तेच पद गात होते. पद संपलं. आबासाहेबांनी टाळी वाजवली आणि म्हणाले, "वन्स मोअर."

चिंतामणरावांनी हात जोडले. उठून स्वयंपाकघराच्या दाराआड गेले. पुन्हा तसेच आले, तिथंच अडखळले, त्याच शब्दाला रडले.

आबासाहेब हसले. "बघितलंत? वेड्याला दुसऱ्यांदा असं हुबेहूब जमतं होय?"

त्यांना काय ठाऊक. रविवारी थिएटरात हात जोडताना चिंतामणरावांची मूठ सैल झाली होती. आज जोडलेल्या हातांतही त्यांनी मला असं आवळलं होतं की माझी दांडी करकरली. बाकी सगळं हरवलं होतं, वन्स मोअरला उठायची सवय तेवढी उरली होती. मी जीव तोडून वाजलो. खुळखुळ्याचं वाजणं कोण मनावर घेतं?

वच्छलाबाईंच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग इतकं हलकं वाटलं की त्या भिंतीलाच टेकल्या. सोंग तर सोंग, माणूस शाबूत आहे की. आबासाहेब गेल्यावर त्यांनी छबूला चिंतामणरावांच्या मांडीवर ठेवलं. "धरा तुमच्या लेकीला. आता पुरे झालं," म्हणाल्या, आणि घागर घेऊन मोकळ्या पाठीनं नळावर गेल्या.

परत आल्या तर घर रिकामं आणि दार उघडं. घागर हातातून सुटली. नाटकातला पुढचा प्रवेश त्यांना आठवला. राजा गेलेल्या मुलाला गात गात नदीत सोडतो.

सिद्धेश्वराचं तळं गल्लीच्या टोकालाच. चिंतामणराव कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून गात होते. छबू त्यांच्या हातांवर, मी छबूच्या मुठीत. खाली पाणी हिरवंगार. मला अजून कापरं भरतं ते पाणी नव्हे, पायऱ्या आठवून. पायऱ्यांवर माणसं बसली होती. प्रसिद्ध नटाला त्यांनी ओळखलं होतं. पोर जरा रडली तसं कुणीतरी म्हणालं, "गप बसा की, ऐकू द्या." एकही माणूस पाण्यात उतरला नाही.

वच्छलाबाई लुगड्यासकट उतरल्या. त्या ओरडल्या नाहीत. जवळ जाऊन, घरात बोलावं तशा म्हणाल्या, "अहो, तिच्या दुधाची वेळ झालीय."

चिंतामणराव गाता गाता थांबले. त्यांनी छबूला वच्छलाबाईंच्या हातात दिलं.

"पाजा हिला," ते म्हणाले. "पण हिची आई कुठं आहे हो? तिला कुणी कळवलं का?"

आता चिंतामणराव पुण्याकडच्या वेड्यांच्या इस्पितळात आहेत. वच्छलाबाई शिवणकाम करतात, छबू चालायला लागली आहे. मी फडताळावर असतो. माझी दांडी चिरली, रंग उडाला, छबूच्या हाती मला आता देत नाहीत. त्याचं मला दुःख नाही.

दुःख वेगळंच आहे. चहाच्या दुकानात अजून म्हणतात, चिंतामणरावांनी करार मोडायला नाटक केलं, आणि बायको सामील होती. ती बाजारात गेली की बायका तिला पाहून हसतात. तिला भांडता येत नाही. तुम्ही सोलापूरचे असाल, नसाल, तुमच्या ओळखीत कुणी तिकडचं असेल, तर माझा निरोप त्यांना द्या. त्यांनी तो पुढच्याला द्यावा. तो राजा खरा का खोटा, ते नाटकवाल्यांनी खुशाल ठरवावं. माणूस मात्र खरंच आजारी होता.