हुपरीच्या लग्नातलं पॅराशूट

उमेदीची सगळी वर्षं मी पलटणीत पॅराशूटच्या घड्या घालण्यात काढली. आमच्या गल्लीत त्याला धोब्याचं काम म्हणतात. म्हणू देत, गल्लीतल्या कुणाला विमानातून खाली पडायचं नसतं.

उडी मारणाऱ्याजवळ पॅराशूट दोन असतात. पाठीवर मोठं, छातीवर लहान. मोठं दगा देईल तेव्हा लहान उघडायचं. त्या लहानाला रिझर्व्ह म्हणतात. कुणी वापरो न वापरो, दर चार महिन्यांनी ते सोडायचं, वारा द्यायचा, शिवण न् शिवण तपासायची आणि पुन्हा घडी घालून शिसाचं सील ठोकायचं. माझ्या हातचं एकही रिझर्व्ह आभाळात उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. याचा मला अभिमान होता आणि, खरं सांगायचं तर, थोडा रागही. आचाऱ्यानं जन्मभर रांधावं आणि कुणी चवच घेऊ नये, त्यातली गत.

त्र्याऐंशी सालच्या वैशाखात माझी थोरली, शालन, असंच एक रिझर्व्ह बाळासारखं पोटाशी धरून घरात आली. कॉलेजात एनसीसीत असताना आग्र्याला जाऊन उड्या शिकली होती, आता कुठल्याशा क्लबात होती. रविवारी उजळाईवाडीच्या विमानतळावर त्यांचं प्रात्यक्षिक होतं.

"आबा, ह्याची मुदत संपलीया," ती म्हणाली. "तुम्ही घडी घातली न्हाईसा तर मला इमानात बसू देणार न्हाईत."

"मग बसू नगंस," मी म्हणालो.

मला भीती वाटली. आजवर घातल्या त्या घड्या दुसऱ्यांच्या पोरांसाठी होत्या. ही माझी होती.

"दुसऱ्या कुणाची घडी असती तर इचार केला असता," शालन म्हणाली. "तुमची असली की मी डोळं झाकून उडी मारतो."

कोल्हापूरच्या पोरी बोलतात पोरांसारख्या आणि हट्ट करतात पोरींसारखा. दोन्हीपुढे माझा इलाज चालत नाही. मी हो म्हणालो.

आता घोळ जागेचा. पॅराशूट टांगायला उंच छत लागतं, पसरायला लांबलचक फरशी लागते आणि आमच्या दोन खोल्यांत म्हातारी बकरीसुद्धा धड पसरत नाही. शाहूपुरीतल्या एका मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक बाळासो माझा तालमीतला दोस्त. शुक्रवारी संध्याकाळी त्यानं हॉल उघडून दिला. मी झुंबराच्या हुकाला रिझर्व्हचा शेंडा बांधून ते टांगलं. भगव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं ते कापड खाली लोंबत राहिलं. सकाळी लवकर येऊन काढतो म्हणालो.

"उद्या हुपरीच्या चांदीवाल्यांचं लगीन हाय, केरबाण्णा," बाळासो म्हणाला. "तेवढं ध्यानात ठेव."

ध्यानात माझ्या होतं. एसटीच्या नव्हतं. सकाळी सील आणायला कागलच्या एका जुन्या सोबत्याकडे गेलो, परतीच्या वाटेवर गाडी बंद पडली आणि मी घामाघूम होऊन कार्यालयाच्या दारात पोचलो तेव्हा आतून मंगलाष्टकं ऐकू येत होती.

आत गेलो तर काय! बाळासो पहाटेपासून आचाऱ्यांत अडकला होता आणि मांडववाल्यांना वाटलं होतं, त्यानं नवीन सजावट मागवली. त्यांनी माझ्या रिझर्व्हचा घेर चौफेर ताणून त्याच्या दोऱ्या खांबांना बांधल्या होत्या आणि एकेका दोरीला झेंडूची माळ गुंडाळली होती. बरोबर मध्यभागी, शेंड्याखाली, नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभे. शेपाचशे माणसं मुठीत अक्षता घेऊन टपलेली.

मुहूर्त थांबवायची छाती माझ्यात नव्हती. हुपरीच्या पाहुण्यांनी मलाच टांगलं असतं. पण गप्पही बसवेना, एक ठिणगी उडाली तरी त्या कापडाला भोक पडणार. एक आजोबा उदबत्तीचा जुडगा घेऊन फिरत होते, तो मी त्यांच्या हातातून काढून घेतला. पितळी समई ढकलत भिंतीपर्यंत नेली. मांडववाल्याच्या पोऱ्याला कोपऱ्यात गाठून विचारलं, "टाचण्या मारल्यासा व्हय रं?" तो म्हणाला, न्हाय, गाठीच मारल्यात. त्याला मिठी मारावी असं मला वाटलं आणि मी मारलीही.

"शुभमंगल सावधान" झालं आणि सगळ्यांनी एकदम हात वर केले. ब्यांडवाल्यांनी फुंकर मारली. तांदूळ वर गेले, कापडावर तडतडले, खाली आले. नवरदेवाच्या मित्रांनी तर वरच नेम धरला होता. मला हसू यायला लागलं. भीतीनं का कशानं, पण एकदा सुरू झालं ते थांबेना. वधूचा बाप धावत आला.

"पावणं, ही सजावट तुमची हाय म्हनं? लई झ्याक. आमच्या धाकटीच्या लग्नालाबी हीच पायजे."

मी डोळे पुसत म्हणालो, "तवा ती आभाळात असंल." त्याला वाटलं मी कवी आहे. त्यानं मला पहिल्या पंगतीत बसवलं आणि आग्रह करकरून जिलबी वाढली.

जेवणं उरकली तशी शालन आणि तिची आई, तानाबाई, आल्या. आम्ही हॉल झाडला, पुसला, रिझर्व्ह उतरवून फरशीवर पसरलं. मग माझं खरं काम सुरू झालं. एकेक पट्टा खिडकीच्या उजेडात धरून बघितला, एकेक दोरी बोटांतून सोडली. कुठं फाटलं नव्हतं, उसवलं नव्हतं. झेंडूचा एक डाग तेवढा पडला होता, तो कापूस ओला करून काढला. पण अक्षता! शिवणीत, घेराच्या दुमडीत, शेंड्याच्या भोकाशी, जिथं बघावं तिथं हळदीनं पिवळे झालेले तांदूळ. घडीत परकी वस्तू चालत नाही, एक दाणासुद्धा नाही. मी दात कोरायच्या काडीनं एकेक टोकरून काढत बसलो.

"अवो, एवढ्या मानसांनी आशीर्वाद दिलाय," तानाबाई म्हणाली. "त्यो काडीनं उकरून काढताय व्हय?"

"आशीर्वाद त्यांच्या पोरीला दिलाय," मी म्हणालो.

"वरनं पडला तो ज्याच्या त्याच्या डोक्याव पडला. आपल्या पोरीच्या छत्रीव पडला, मंजी तिचाच की."

मी तिला गप्प बसायला सांगितलं. ती गप्प बसली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी ती गप्प बसते तेव्हा काहीतरी ठरवलेलं असतं, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. काढलेले तांदूळ तिनं पदराच्या टोकाला बांधून घेतले.

मी घडी घालायला घेतली. पहिला पट्टा दोनदा चुकला, पण मग पट्ट्यावर पट्टा बसत गेला तसे हात आपोआप ठिकाणावर आले. हातांना बहुतेक माहीत नव्हतं, पोरगी कुणाची आहे. शेवटचा पदर मिटायचा राहिला तेव्हा आठवलं, सीलचा लाल दोरा बाळासोच्या खोलीत राहिला. तो आणायला गेलो. परत आलो, पिशवी बंद केली, सील ठोकलं.

रविवारी उजळाईवाडीला अख्खं कोल्हापूर लोटलं होतं. विमान वर गेलं. एक ठिपका सुटला, उघडला. दुसरा सुटला, उघडला. तिसरी शालन. तिच्या पाठीवरचं मोठं पॅराशूट बाहेर आलं आणि धुतलेल्या धोतरागत पिळा होऊन फडफडत राहिलं. ती सरळ खाली येत होती. लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना काय कळतंय. मला कळत होतं. मी तानाबाईचा हात धरला.

आणि मग ते उघडलं. भगवं-पांढरं, गोल, एका दमात. जन्मभर घातलेली रिझर्व्हची घडी पहिल्यांदा उघडलेली बघितली, तीही पोटच्या पोरीच्या छातीवरून. मी भर गर्दीत लहान पोरागत नाचलो. शेजारच्या फौजदारालाही नाचवलं.

ती शेजारच्या नांगरलेल्या शेतात उतरली. आम्ही धावत पोचलो तेव्हा ती ढेकळात बसून हसत होती. भुवया, कानशिलं, केस, घामेजलेली मान, सगळीकडं पिवळे तांदूळ चिकटले होते.

"आबा," ती म्हणाली, "उघडल्यावर तोंडावरच अक्षता पडल्या की हो."

मी तानाबाईकडे बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. ते मोकळं होतं. पलटणीत असतो तर अशा माणसाला मी कोठडीत टाकायला लावलं असतं. मी तिथं ढेकळात बसलो, पोरीच्या भुवईवरचा एक दाणा उचलला आणि पुन्हा तिच्याच डोक्यावर टाकला.

श्रावण सरल्यावर तेच रिझर्व्ह पुन्हा घडीला आलं. सगळं तपासलं, पट्ट्यावर पट्टा बसवला. शेवटचा पदर मिटायचा राहिला तेव्हा मी तानाबाईला म्हणालो, "दोरा इसरला बघ, आलोच जाऊन."

बाहेर जाऊन मी सावकाश एक विडी ओढली. दोरा माझ्या खिशातच होता.